तीनशे अठरा नंबरचा अर्क

देवानंद खोब्रागडे उंदरांच्या शेपटीतून रक्त काढायचा, आणि अख्ख्या संस्थेत त्याच्याइतका हलका हात कुणाचा नव्हता. पिंजऱ्यात हात घातला की पांढरा उंदीर त्याच्या तळव्यात निमूट येऊन बसे. शेपटी कोमट पाण्यात बुडवायची, टोकाला ब्लेड जेमतेम टेकवायचं, दोन थेंब काचनळीत ओढून घ्यायचे आणि कापूस दाबून धरायचा. उंदराला कळायच्या आत काम झालेलं असे. पण हाच माणूस रोज सकाळी घरी पोरीला सुई टोचायला बसला की त्याचा हात अडखळायचा.

पोरीचं नाव लता. वय अकरा. दोन वर्षांपूर्वी ती एकाएकी सुकत चालली, रात्रंदिवस पाणी मागू लागली, आणि मेडिकल कॉलेजात निदान झालं की तिच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही. तेव्हापासून रोज सकाळी अठरा युनिट. काचेची सिरिंज उकळायची, मांडीवर जागा बदलत टोचायचं. लता रडत नसे. फक्त भिंतीकडे तोंड करून, ओठ दाबून म्हणे, "हो गया? हो गया?" देवानंदला वाटे, ती रडली असती तर बरं झालं असतं.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीहून तो अडुसष्ट साली लखनौला आला, तो या सरकारी संस्थेत प्राणिगृहाचा सहायक म्हणून. देशभरातून आलेली मुळं, साली, पानं, अळंब्या इथे वाळवून, दळून, अल्कोहोलात भिजवून त्यांचा अर्क काढत. प्रत्येक अर्काला नंबर मिळे आणि मग तो उंदरांवर, सशांवर तपासला जाई. शंभरातल्या नव्याण्णव अर्कांचं काहीच होत नसे. कागद फायलीत लागे, बाटली मोरीत रिकामी होई, पुढचा नंबर येई. अकरा वर्षांत देवानंदने असे किती नंबर आले-गेले ते मोजलं नव्हतं.

एकोणऐंशीच्या एप्रिलमध्ये तीनशे अठरा नंबर आला. नेपाळच्या सीमेलगतच्या गोंडा जिल्ह्यातल्या तराईतून आणलेली, जुन्या झाडांच्या खोडाला चिकटलेली, लाकडासारखी कडक अळंबी. तिकडचे वैद्य ती लघवीच्या विकारांवर देतात, असं जंगलातून माल आणणाऱ्याने लिहून पाठवलं होतं. तिचा अर्क डांबरासारखा काळा आणि चिकट निघाला. चव इतकी कडू की नुसता वास घेतला तरी घशाशी यायचं.

काम डॉ. मालिनी दामले यांच्याकडे होतं. वय बत्तीस, सांगलीकडच्या, एकट्याच हजरतगंजच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहणाऱ्या. संस्थेत मराठी माणसं दोनच, त्यामुळे त्या देवानंदशी मराठीत बोलत, आणि बोलताना दोघांच्याही तोंडात निम्मी हिंदी येई.

दहा उंदरांना रसायन टोचून मधुमेह आणला. पाचांना अर्क, पाचांना नुसतं पाणी. पाणी मिळालेल्यांची साखर तीनशेच्या वर तशीच राहिली. अर्कवाल्यांची मात्र उतरू लागली. दोनशे ऐंशी. दोनशे चाळीस. दहाव्या दिवशी एकशे सत्तर.

आकडा वाचून मालिनी दामले खुर्चीतून उठल्याच. "देवानंद, परत एकदा मोजा."

त्याने परत मोजलं. एकशे अडुसष्ट.

"अहो, हे औषध आहे!" त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "इतक्या वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं. हे खरंच औषध आहे."

हे एक वाक्य देवानंद घरी घेऊन गेला. निशातगंजच्या पुलावरून सायकल हाकताना, भाजीवाल्याकडून दोडकी घेताना, जिना चढताना ते त्याच्या कानात वाजत होतं. दारात लता बसली होती. तिच्या मांडीवर फ्रॉकच्या खाली सुयांचे निळे डाग दिसत होते. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोडकी घेऊन आत गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्याला एक नवी सवय लागली. अर्क मोजून घेतल्यावर चंबूच्या तळाशी जो काळा थर चिकटून राही, तो देवानंद धुवून टाकत नसे. थोडं अल्कोहोल घालून खरवडायचा, बशीत सुकवायचा, छोट्या बाटलीत भरायचा. नाहीतरी मोरीतच जाणार, असं तो स्वतःला सांगे. पण दार उघडल्याचा आवाज झाला की बाटली खिशात जाई.

एकदम पोरीला द्यायची त्याची छाती नव्हती. आधी त्याने स्वतः घेतला. सकाळी उपाशीपोटी हरभऱ्याएवढी गोळी, वर घोटभर पाणी. असे सात दिवस. मरत नाही, चक्कर येत नाही, अंगावर पुरळ नाही, हे त्याने रोज आरशात बघून ठरवलं. जेवण मात्र जाईना. डब्यातल्या दोन पोळ्या तशाच परत येऊ लागल्या.

"काऊन जेवत नाही तुम्ही?" त्याची बायको द्रौपदी विचारी.

"गर्मी किती आहे बघ ना," तो म्हणे. आणि मे महिना होता, गरम वाऱ्याची लू वाहत होती, गल्लीतले कुत्रेसुद्धा खात नव्हते. त्यामुळे ते तिलाही पटलं आणि त्यालाही.

आठव्या दिवशी त्याने लताच्या वजनाच्या मानाने मात्रा काढली, भीतीने ती चौथाई केली, आणि गुळाचा खडा तर चालत नाही म्हणून नुसती गोळी तिच्या हातावर ठेवली.

"ये क्या है?"

"ताकतीचं औषध आहे. वैद्याकडून आणलंय."

"छी, कितना कड़वा है, बाबा!"

"घे बेटा. एकदम गिळून टाक."

द्रौपदी चुलीपाशी होती. तिने मान वळवून पाहिलं. "कोणता वैद्य?"

"चौकातला. ऑफिसातल्या जयसिंगने सांगितला." जयसिंग म्हणजे संस्थेचा फाटकावरचा माणूस. त्याने कुठल्याच वैद्याचं नाव कधी काढलं नव्हतं. बारा वर्षांच्या संसारात बायकोशी इतकं सरळ खोटं देवानंद पहिल्यांदाच बोलला, आणि ते इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच कसंसं झालं.

लघवीतली साखर तो घरीच तपासायचा. निळं द्रावण परीक्षानळीत घ्यायचं, आठ थेंब टाकायचे आणि स्टोव्हवर उकळायचं. साखर नसेल तर निळं राहतं, थोडी असेल तर हिरवं, मग पिवळं, आणि फार असेल तर विटेसारखं लाल. लताचं नेहमी पिवळं-नारिंगी येई. गोळी सुरू केल्यावर चौथ्या दिवशी हिरवं आलं. सहाव्या दिवशी निळं.

देवानंद स्टोव्हपाशी उकिडवा बसून त्या निळ्या नळीकडे कितीतरी वेळ बघत राहिला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. त्याच्याकडे पाहून त्याचे हात आपोआप जुळले. त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण सांगणार कुणाला? घरात सांगितलं तर वैद्याचं खोटं उघडं पडणार, संस्थेत सांगितलं तर नोकरी जाणार. म्हणून तो आनंद त्याने पोटात ठेवला, आणि पोटात ठेवलेला आनंद भीतीसारखाच जड लागू लागला.

आठव्या दिवशी सकाळी इन्शुलिन दिल्यावर तासाभराने लताचे हात थरथरू लागले. कपाळावर घाम फुटला. ती काहीतरी बडबडली आणि पाटावरून कलंडली. द्रौपदीने साखरेचं पाणी कालवून तिच्या ओठांना लावलं. कॉलेजातल्या डॉक्टरांनी हे शिकवून ठेवलं होतं. दहा मिनिटांत पोर उठून बसली.

"सकाळी अर्धीच पोळी खाल्ली तिने," द्रौपदी म्हणाली. "हल्ली खातच नाही नीट. बाप तशी लेक."

पण देवानंदला त्यातलं एकच ऐकू आलं. इन्शुलिन जास्त झालं. म्हणजे आता अठरा युनिटची गरज उरली नाही. म्हणजे गोळी आपलं काम करते आहे. त्याने त्या दिवसापासून इन्शुलिन बारावर आणलं. पाच दिवसांनी सहावर. सुई भरताना तो द्रौपदीकडे पाठ करून बसू लागला. लताला मात्र फरक कळला. "आज कम दर्द हुआ," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्याने देवानंदची उरलीसुरली शंका गिळून टाकली.

आता चंबूच्या तळाचा थर पुरेना. एका दुपारी प्राणिगृहात कुणी नसताना त्याने फ्रिजमधली मूळ बाटली उघडली आणि चमचाभर अर्क काढून घेतला. नंतर तो हात तीनदा धुतला तरी काळे डाग नखांत राहिले. संध्याकाळपर्यंत तो खिशात हात घालून वावरला.

त्याच आठवड्यात मालिनी दामलेंनी नवा प्रयोग मांडला. विभागप्रमुख डॉ. बिसारिया निकाल दिल्लीच्या बैठकीत मांडायची घाई करत होते, पण या बाईंना एक गोष्ट डाचत होती.

"अर्कवाल्या उंदरांचं वजन उतरलंय, देवानंद. पाणीवाल्यांपेक्षा बरंच. उरलेलं खाणं तुम्ही रोज तोलता ना? वही आणा."

त्याने वही आणली. अर्कवाल्या पिंजऱ्यांत रोज निम्मं खाणं उरत होतं. हे त्यानेच लिहिलं होतं, त्याच्याच अक्षरात, रोजच्या रोज. पण तो आकडा त्याने कधी दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवून पाहिला नव्हता. त्याचं काम तोलायचं आणि लिहायचं. विचार करायचं काम वरच्यांचं.

"आता असं करू," त्या म्हणाल्या. "तिसरा गट घ्या. त्यांनाही मधुमेह आणायचा. त्यांना अर्क द्यायचा नाही. पण अर्कवाले जेवढं खातात, तेवढंच मोजून त्यांना खायला द्यायचं. एक दाणाही जास्त नाही. बघू त्यांची साखर काय करते ती."

"का मॅडम?"

"कारण उपाशी राहिलं तरी साखर उतरते. अर्क साखर उतरवतो की नुसती भूक मारतो, ते मला बघायचंय. तोवर मी बिसारियासाहेबांना बोलू देणार नाही."

देवानंद तिथेच उभा राहिला. वही त्याने उघडीच हातात धरून ठेवली. भूक मारतो. त्याला त्याच्या डब्यातल्या दोन पोळ्या आठवल्या.

"काय झालं?" मालिनी दामलेंनी विचारलं. "बरं नाही का?"

"नाही मॅडम. गर्मी."

त्या दिवशी त्याने ठरवलं की उद्यापासून गोळी बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी सुई हातात घेतली तेव्हा लताने मांडी पुढे केली आणि म्हणाली, "कल जितना ही, ज़्यादा नहीं।" आणि तो अडला. अजून कुठे काही सिद्ध झालंय? मॅडमना नुसती शंका आहे. शास्त्रज्ञांना शंका घ्यायचीच सवय असते. नळी तर निळीहिरवी येतेय. ती शेवटची कधी तपासली होती, हे मात्र तो स्वतःला विचारत नव्हता. खरं तर तीन दिवस त्याने तपासलंच नव्हतं. तपासायची भीती वाटत होती. त्याने पुन्हा सहा युनिट भरले आणि गोळी दिली. सगळं मागे घ्यायचं म्हटलं तर आधी सगळं कबूल करावं लागलं असतं.

तिसऱ्या गटाचं काम सुरू झालं. आकडे येत गेले. देवानंद रात्री झोपेतून दचकून उठू लागला आणि लताच्या अंथरुणाशी जाऊन तिचा श्वास ऐकू लागला. ती पाण्यासाठी उठत होती. गर्मीच आहे, तो मनाशी म्हणे. सगळेच पाणी पितात.

शनिवारी अकरा वाजता त्याने तिसऱ्या गटाचं सातव्या दिवसाचं रक्त काढलं. नळ्या मांडल्या, रंगाचं यंत्र लावलं, काटा स्थिर होईपर्यंत थांबला. मालिनी दामले अजून ग्रंथालयातून आल्या नव्हत्या. पहिल्या उंदराची साखर एकशे ऐंशी. दुसऱ्याची एकशे बहात्तर. तिसऱ्याची एकशे एक्क्याऐंशी.

अर्काचा एक थेंबही न मिळता, नुसतं कमी खाऊन, साखर तितकीच उतरली होती.

बाकीच्या दोन नळ्या त्याने पाहिल्याच नाहीत. इतके दिवस पोरीचं शरीर सहा युनिटवर चाललं होतं. उरलेल्या बारा युनिटचं काम करणारं काहीच तिच्या अंगात नव्हतं. काहीच नव्हतं. एप्रन अंगात तसाच ठेवून तो जिन्यावरून धावत उतरला आणि फाटकातून सायकल काढली.

"अरे कहाँ चले, देवानंद भैया?" जयसिंगने हाक मारली. तोवर तो सायकलवर बसून निघालाही होता.

निशातगंजपर्यंत लू तोंडावर भाजत होती. गल्लीच्या तोंडाशीच त्याला द्रौपदी दिसली. अनवाणी, रिक्षावाल्याला हाका मारत. तिच्या कडेवर अकरा वर्षांची लता होती, मान खांद्यावर टाकलेली.

"सकाळपासून उलट्या करते आहे!" ती ओरडली. "तुमच्याकडे माणूस पाठवणार होती मी. बघा ना, कशी श्वास घेते आहे ते बघा!"

लता खोल, लांब श्वास घेत होती, डोंगर चढून आल्यासारखा. तिच्या तोंडाला पिकून नासलेल्या फळासारखा गोड वास येत होता. देवानंदला तो वास माहीत होता. दोन वर्षांपूर्वी, पहिल्यांदा कॉलेजात नेलं तेव्हा, हाच होता.

रिक्षात तिघं बसले. लता अर्धवट डोळे उघडून त्याच्याकडे पाहत होती, पण ओळखत होती की नाही कळत नव्हतं.

मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात तरुण डॉक्टरने सलाइन लावलं, रक्त घेतलं आणि विचारलं, "इंसुलिन कितना दे रहे थे?"

"अठारह यूनिट," देवानंद म्हणाला.

"रोज़? नागा तो नहीं किया?"

"नहीं।"

"कोई और दवा? देसी, जड़ी-बूटी, कुछ भी?"

द्रौपदी त्याच्याकडे पाहू लागली. देवानंदने खिशातली बाटली मुठीत धरली. "नहीं," तो म्हणाला.

डॉक्टर आत गेला. द्रौपदी भिंतीला टेकून उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "वैद्याचं औषध काऊन नाही सांगितलं?"

"त्याने काय होतं."

"काय होतं ते तो ठरवेल ना. तुम्ही काऊन ठरवता?"

पडद्यामागून दोन डॉक्टरांचं बोलणं ऐकू येत होतं. दुसरा आवाज वयस्क होता. अठरा युनिट नियमित चालू असताना असं व्हायला नको, कुठेतरी जंतुसंसर्ग असणार, तो शोधा, छातीचा फोटो काढा, असं तो म्हणत होता. ते लोक भलत्याच गोष्टीमागे लागले होते, आणि त्यांना तिकडे त्याने स्वतः धाडलं होतं. उंदरांच्या वहीत त्याने अकरा वर्षांत एक आकडा चुकीचा लिहिला नव्हता. आणि पोटच्या पोरीच्या कागदावर दोन खोटी उत्तरं लिहायला लावली होती.

तो पडदा सारून आत गेला.

"साहब, झूठ बोला मैंने," तो म्हणाला. "अठारह नहीं। बारह, फिर छह। दस दिन से छह।" मग त्याने सगळं सांगितलं. अळंबी, अर्क, गोळ्या, स्वतः घेतलेले सात दिवस. बोलता बोलता त्याने खिशातून ती छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. वयस्क डॉक्टर तिच्याकडे आणि मग त्याच्या एप्रनकडे पाहत राहिले. रागावायला त्यांना वेळ नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे इन्शुलिनची मात्रा बदलली आणि म्हणाले, "इसमें और क्या-क्या है, किसे मालूम है? उन्हें बुलाइए। अभी।"

तो वळला तेव्हा द्रौपदी पडद्याशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तो तिच्याजवळून जाताना तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, फक्त बाजूला झाली. तिने एक थोबाडीत मारली असती तर देवानंदला ते सोपं गेलं असतं.

हजरतगंजमागच्या खोलीत मालिनी दामले नुकत्याच येऊन जेवायला बसल्या होत्या. दारात उभं राहून त्याने चार वाक्यांत सांगितलं. त्यांनी ताट सरकवलं, अर्काच्या कागदांची फाइल घेतली आणि चपला पायात अडकवत बाहेर पडल्या. रिक्षात त्यांनी फाइल उघडून पानं चाळली.

"बाटलीतला अर्क कमी होतोय हे मला दिसलं होतं," मग त्या म्हणाल्या. "मला वाटलं, अल्कोहोल उडून गेलं असेल. तोलून बघायला हवं होतं."

"तुमची चूक नाही मॅडम."

"औषध आहे असं कोण ओरडलं होतं? पाच उंदरांवरून?" त्यांचा आवाज चिडका होता, पण चीड कुणावर होती ते देवानंदला कळेना. "तुमच्या मुलीला हा आजार आहे हे मला ठाऊकच नव्हतं. दोन वर्षं रोज बरोबर काम करतोय आपण. तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही."

वॉर्डात त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, अर्काने यकृताला इजा होते का ते अजून पाहिलेलं नाही, मूत्रपिंडाचंही पाहिलेलं नाही, साखरेवर त्याचा काही परिणाम नाही हे आजच कळलं. "आज सुबह," त्या म्हणाल्या, आणि देवानंदकडे न पाहता पुढे बोलल्या, "इन्होंने ही नापा है।"

संध्याकाळपर्यंत लताचा श्वास तसाच होता. द्रौपदी तिच्या उशाशी आणि देवानंद पायथ्याशी बसून होते. नर्स सरला दर तासाला येऊन रक्त घेऊन जाई. देवानंद तिच्या हातातल्या नळीकडे बघे आणि आकडा विचारायचं धाडस त्याला होत नसे. इतकी वर्षं आकडे वाचणाऱ्या माणसाला आता आकड्याची भीती वाटत होती. पहाट उजाडली तेव्हा लताने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "अम्मा, पानी।" तिचा श्वास साधा झाला होता. द्रौपदीने तोंडात पदर कोंबला आणि रडली. देवानंद बाहेर व्हरांड्यात गेला आणि कठड्याला धरून खाली बसला.

लता अकरा दिवस वॉर्डात होती. यकृताच्या तपासण्या पहिल्या आठवड्यात वाईट आल्या, मग हळूहळू सुधारल्या. ते अर्कामुळे की आजारामुळे, कुणी खात्रीने सांगू शकलं नाही. त्या दिवसांत सरलाने लताला स्वतःची सुई स्वतः टोचायला शिकवलं.

संस्थेत चौकशी झाली. देवानंदने कुणी विचारायच्या आधीच चार पानी जबाब लिहून दिला, तारखांसकट. डॉ. बिसारियांनी तो वाचताना एका ओळीवर बोट ठेवलं. ते तापट म्हणून प्रसिद्ध होते, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला नाही.

"ये सात दिन तुमने ख़ुद खाया। भूख मर गई थी?"

"जी साहब।"

"और ये तुमने किसी को नहीं बताया।" त्यांनी चष्मा काढला. "उसी दिन मालिनी को बता देते, तो चूहों की ज़रूरत ही नहीं पड़ती। तुम्हारी बच्ची को एक गोली भी न जाती।"

हे वाक्य देवानंदला पुढे कित्येक वर्षं ऐकू येत राहिलं. नोकरी गेली नाही. मालिनी दामलेंनी बाटलीची जबाबदारी आपली होती असं लेखी दिलं आणि दोघांच्याही फायलीत ताकीद लागली. त्याला प्राणिगृहातून काढून मागच्या अंगणात घातलं. तिथे आलेली मुळं आणि साली उन्हात पसरायच्या, उलटायच्या, पोत्यांत भरायच्या. तीनशे अठरा नंबरच्या कागदावर 'क्रिया नाही' असं लिहून तो फायलीत लागला.

घरी द्रौपदी त्याच्याशी बोलू लागली ती कामापुरतं. डाळ संपली, रॉकेल आणा, पंखेवाल्याला सांगा. इन्शुलिनची बाटली आणि सिरिंज तिने आपल्या पेटीत ठेवली. किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात असे. रोज सकाळी ती पेटी उघडायची, लता सुई भरायची, आणि आई सिरिंज उजेडात धरून आकडा दोनदा वाचायची. देवानंद तेवढा वेळ जिन्यात जाऊन उभा राही. त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं.

जुलैत शाळा सुरू झाल्यावर एका रविवारी लता त्याच्या शेजारी येऊन बसली. तिचे गाल थोडे भरले होते.

"बाबा, उस दवा से कोई चूहा ठीक हुआ था?"

त्याच्या मनात पटकन एक सोपं उत्तर आलं. तो थांबला.

"नाही बेटा."

"एक भी नहीं?"

"एकही नाही. ते उपाशी होते म्हणून तसं वाटलं."

"आपको पता नहीं था?"

"माझ्या वहीत होतं सगळं. मी पाहिलं नाही."

ती पायाच्या अंगठ्याने जमिनीवर रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "आप अब क्या करते हो वहाँ?"

"झाडांच्या साली वाळवतो. परवाच मध्य प्रदेशातून पोती आली आहेत. गच्चीएवढं अंगण भरलंय."

"मैं देखने आऊँ?"

देवानंदने आत पाहिलं. द्रौपदी तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले होते. ती ऐकत होती हे उघड होतं, आणि तो वाट पाहत होता, कारण परवानगी द्यायचा हक्क आपला राहिलेला नाही हे तो समजून होता.

"शनिवारी अर्धी सुट्टी असते ना तिची," द्रौपदी ताटातून मान वर न करता म्हणाली. "घेऊन जा." आणि दोन खडे वेचून बाजूला टाकल्यावर म्हणाली, "मीही येते."